बेल होते न होते

मुख्याध्यापक घोलपसरांनी निनावी तक्रारीची प्रत माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, पर्यवेक्षकपदाची यादी सोमवारी जाईल. त्याआधी तुमचा खुलासा द्या."

तक्रार इंग्रजीत, टाइप केलेली. पहिलंच वाक्य, 'नो सूनर डिड द बेल रँग दॅन...' म्हणजे बेल होते न होते तोच मॅडम वर्ग सोडून जातात, मुलांच्या शंका तशाच राहतात.

असं वाक्य इंग्रज तरी रोज बोलतो का, देव जाणे. आमच्या दहावीच्या व्याकरणात मात्र ते हमखास असतं. 'डिड'नंतर 'रिंग' हवं. तिथे दरवेळी 'रँग' लिहिण्याची खोड कोणाची, हे मला पक्कं ठाऊक होतं. मराठी शिकवणारी हेमलता बाहेरून इंग्रजीची परीक्षा देत होती. तिच्या वहीतली हीच चूक मी वर्षभर लाल पेनाने सुधारत आले होते. यादीत माझ्याखाली नाव तिचंच होतं.

आरोप खोटा नव्हता. शेवटची बेल झाली की मी निघायचेच. ग्रंथालयात हेमलता वही उघडून माझी वाट बघत बसलेली असायची.

मी स्टाफरूममध्ये आले. तिने डबा माझ्यापुढे केला. "धिरडी आणलीत तुझ्यासाठी. काय गं, सरांनी कशाला बोलावलं होतं?"

मी डबा बाजूला सारून तक्रार टेबलावर ठेवली. लाल पेनाने 'रँग' खोडलं, वर 'रिंग' लिहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

"दुरुस्त केलंय. आता खाली सही कर."