कौलांवरचा दात

चंद्रावर चाळीस वर्षं तिथलंच अन्नपाणी पोटात गेल्यावर थोआआजींची हाडंही तिथलीच झाली होती. क्वी न्योन या त्यांच्या जन्मगावच्या घरनोंदणी कचेरीतल्या हाडांच्या तपासणीत त्या परदेशी ठरल्या, आणि वारलेल्या वडिलांचं घर परदेशी माणसाच्या नावावर होत नव्हतं.

"हाडं बदलतात, आजी. दात बदलत नाहीत," कारकून हान्ह हळूच म्हणाली. "मूळ इथलं आहे हे दाखवायला तुमचा एखादा जुना दात चालेल."

थोआआजींनी कवळी काढून टेबलावर ठेवली. हान्हने मान खाली घातली.

"एक आहे," कवळी पुन्हा बसवून त्या म्हणाल्या. "सहाव्या वर्षी खालचा दात पडला, तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे वडिलांनी मला खांद्यावर घेऊन तो कौलांवर टाकायला लावला होता. असेल अजून तिथंच."

"मग शोधा की. फक्त छपरावर चढायला मालकाची परवानगी लागेल."

"मालक कोण?"

"कागदावर अजून तुमचे वडीलच आहेत."

दुपारी थोआआजी वडिलांच्या घराच्या कुलूपबंद दारासमोर उभ्या राहिल्या.

"बाबा, वर चढू का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी बराच वेळ थांबल्या.