मागे घेतलेलं पाऊल

"तेजराम हरते," जानराव म्हणाला, आणि सुपेल्याच्या चहाच्या टपरीवरचा गलका एकदम थांबला.

सगळ्यांची तोंडं कडू झाली. तेजराम जानरावचा सख्खा भाचा. त्यातून जानराव भिलाईच्या नव्या कारखान्यात खलाशांचा मुकादम, म्हणजे उंचावर लोखंड चढवणाऱ्या टोळीचा म्होरक्या, आणि तेजराम त्याच टोळीतला. आपल्याच माणसाबद्दल असं अभद्र कोण बोलतं? पण कुस्ती असो की बॉक्सिंग, जानरावचं भाकीत सहसा चुकत नसे.

"कावून हरते?" टोळीतल्या चिंधूने विचारलं. "त्याच्यासमोर उभं राहाची हिंमत हाये का कोनाची?"

"उभं राहातेच कोन? रेल्वेचा बाबुलाल हाये तो. हा पुढं जाईन, तो मांगं सरन अन् सरता सरता तोंडावर दोन देईन. हा अजून पुढं जाईन, अजून खाईन. पुढं जान्याबिगर आपल्या पोराले येतेच काय?"

तेजराम रिंगमध्ये उतरला की सरळ अंगावर चालून जायचा. चार ठोसे खायचा आणि एक द्यायचा. त्या एकात समोरचा आडवा. लोक टाळ्या पिटायचे. खाल्लेल्या चारांचा हिशेब कोणी ठेवत नसे. गेल्या सामन्यानंतर त्याचा डावा डोळा कितीतरी दिवस उघडला नव्हता. पुन्हा असा मार बसला तर डोळा गेलाच समजा, असं डॉक्टरने बजावलं होतं. तेजरामची बायको रुक्मा पोटुशी होती. तिने तर जानरावचे पायच धरले.

"मामाजी, थे माह्यं आयकत नाही. तुमचं आयकतीन. त्याइचा डोळा वाचवा जी."

पोराचं काहीतरी वाईट होणार, हे तेव्हापासून जानरावला आतून कळत होतं. लढू नको म्हणून त्याने सांगून पाहिलं. तेजराम हसला. मग जानरावने दुसरा उपाय काढला. कामाची पाळी संपली की सेक्टर दोनच्या क्वार्टरांमागच्या मैदानात तो भाच्याला मागे सरायला शिकवू लागला. काही तोंडावर आलं की मागे. बघायचं नाही, विचार करायचा नाही, नुसतं मागे.

तेजरामला ते काही केल्या जमेना.

"पाय आयकत नाही, मामा. मांगं पाय टाकाचा नाही, हे तुमीच तं शिकवलं."

शिकवलं होतंच. पहिल्यांदा वर चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यात जानराव हेच भरायचा. पायाखाली वीतभर लोखंड, पाठीमागे नुसती हवा. क्रेनला टांगलेलं वजन झुलत अंगावर आलं तर वाक, बस, त्याला मिठी मार, पण मागे सरू नकोस. तेजरामच्या हाडात ते इतकं मुरलं होतं की रिंगमध्येही तो तसाच वागायचा. लोक त्याला हिंमत म्हणत.

"वरचं वर, खालचं खाली!" जानराव खेकसला. "इथं मांगं सर!"

त्याने बांबूची काठी घेतली. पाय पुढे पडला की नडगीवर फटका. तेजराम शिव्या द्यायचा, लंगडत घरी जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. मामाचाही जीव तुटत होता, पण त्याने काठी सोडली नाही. एका संध्याकाळी तेजराम तोंड धूत असताना जानरावने अचानक ओला पंचा त्याच्या तोंडावर फेकला. पंचा पोचायच्या आत पाय मागे गेला होता. तेजरामला स्वतःलाही नवल वाटलं. जानरावने त्याला कवटाळलं आणि तडक टपरी गाठली.

"भाकीत बदललं माह्यं," त्याने जाहीर केलं. "आता बाबुलाल वाट पाहात राहीन, अन् हा जाईनच नाही. मंग तो सोता पुढं येईन अन् खाईन."

रविवारच्या सामन्यात तस्संच झालं. खुर्च्यांवर साहेबलोक, मागे अख्खी कामगार वस्ती. बाबुलाल नाचत राहिला, हूल देत राहिला. तेजराम जागेवर. लोक ओरडायला लागले, काहींनी हुर्यो उडवली. बाबुलालला राहवेना. तो झेपावला, तेजराम अलगद मागे सरला, ठोसा हवेत गेला, आणि मग तेजरामचा तो एक बसला. बाबुलाल उठला नाही. तेजरामच्या तोंडावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. गर्दीने मामाला खांद्यावर घेतलं.

सोमवारी जानरावने रजा टाकली. बोरसीला बहिणीकडे, तेजरामच्या आईकडे, पेढे घेऊन जायचं होतं. वाटेत तो रुक्माकडे डोकावला. तिने चहा पुढे ठेवला. कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसत होती.

"डोळा तं वाचला, मामाजी, पन घरात चालनं मुश्कील झालं. सकाळी डबा द्याले हात पुढं केला, तं हे दोन पावलं मांगं! चुलीत पडता पडता वाचले. म्हनतात, मले समजलंच नाही कवा सरलो."

जानरावने चहा तसाच खाली ठेवला. इतके दिवस आतून जे कळत होतं, ते सामन्याबद्दल नव्हतंच.

"कुठं हाये तो?"

"गेले ना कवाचेच. सारे लोक पाहाले जमनार हायेत म्हने. साहेबानं सांगतलं, आज सगळ्यात वरचा लोखंडी गर्डर क्रेननं येईन, तो वर आपला जितलेला गडीच धरन."