बोटभर डावीकडे

"वर गेल्यावर वारा मला किती ढकलेल?" पायलटने विचारलं.

धोंडू तांडेलाने ओला गाल वाऱ्याला दिला. चाळीस वर्षं तो मचवे हाकत होता. त्याने वाकून पायलटच्या गुडघ्यापाशी बसवलेल्या होकायंत्राच्या काचेवर बोट ठेवलं. "डोंगराकडं ढकलील. तुम्ही बोटभर डावीकडं धरा, सायेब. जास्ती नको. जास्ती धरलाव तर दर्यात जाल."

टपालाचं विमान तासाभरापूर्वी गुहागरच्या वाळूवर उतरलं होतं. भाद्रपदातले ढग इतके खाली आले होते की किनारा दिसेना, आणि किनारा हीच त्याची वाट. ओहोटी होती म्हणून वाळू कडक सापडली. आता भरती लागायच्या आत उडायचं, ढगांच्या वर जायचं आणि होकायंत्र व घड्याळ एवढ्यावर मुंबई गाठायची. अमुक दिशा, अमुक मिनिटं. पेट्रोल मुंबईपुरतं, वर पंधरावीस मिनिटांचं. धोंडूला यात नवल वाटलं नाही. धुक्यात मचवाही असाच जातो.

पण आज विमानात मागे टपालाच्या थैल्यांवर त्याची नात राही निजवली होती. सात वर्षांची. घटसर्पाने तिचा गळा बंद होत आला होता. टोचायचं औषध मुंबईला मिळेल, पण उद्यापर्यंत टोचलं नाही तर आशा सोडा, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. आगबोटी पावसाळ्यात बंद. मचव्याला दोन दिवस लागणार. अशा वेळी देवाने आभाळातून विमान खाली टाकलं असं साऱ्या गावाला वाटलं, आणि का वाटू नये? सोबत कुणी बसेल एवढी जागा मात्र नव्हती. "मी स्वतः तिला इस्पितळात पोचवतो," पायलट म्हणाला. कर्णिक त्याचं नाव. वय पंचविशीच्या आतलं. भला माणूस.

कर्णिक पुढे पंखा फिरवायला गेला. धोंडूची बायको हौसा आत वाकली आणि तिने नातीच्या तोंडावरून हात फिरवला. तिला बाहेर यायला जरा वेळच लागला. तोवर लाटांचा फेस चाकांपर्यंत आला होता. कर्णिक घाईने चढला.

विमान वाळूवरून धावलं, उचललं आणि ढगात शिरलं. पोरंटोरं ओरडली. धोंडूने डोळे मिटले. आवाज उत्तरेला गेला. ठीक. मग तो डावीकडे वळला. बोटभर नाही, बराच. आता परतेल, मग परतेल, म्हणून धोंडू कान देऊन उभा राहिला. आवाज दर्यावर गेला आणि तिथेच बारीक होत होत संपला.

"असा कसा गेला?" तो पुटपुटला.

"घाबरताव कशाला?" हौसा म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा निवला होता. "मी बंदोबस्त केलाय. तो सायेब घडीघडी मान वाकवून त्या गोल डबीकडं बघत होता ना, त्याचा देव असंल त्यात. त्या डबीच्या मागं अडकित्ता ठेवलाय, फडक्यात गुंडाळून. जन्मल्यापासून राहीच्या उशाखाली असतो, तोच. लोखंड जवळ असताना पोरीला काय होनार नाय."

धोंडूच्या मचव्यावर होकायंत्राजवळ साधी सुरी नेलेली चालत नसे. लोखंड जवळ आलं की सुई खोटं बोलते. नवा खलाशी हे पहिल्याच दिवशी शिकतो. बायका मचव्यावर चढत नाहीत, आणि हे घरी सांगायला हवं असं धोंडूला चाळीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. बायकोवर ओरडावं असं त्याला फार वाटलं. तो ओरडला नाही. मचव्यांकडे धावत सुटला. "काढा मचवे! पश्चिमेला चला!"

तीन दिवस त्यांनी दर्या पालथा घातला. टपालाची एक थैली मिळाली. बाकी काही नाही.

आठव्या दिवशी रत्नागिरीहून फौजदार आला. बरोबर विमानांतलं कळणारा एक साहेब होता. धोंडूच्या ओटीवर दोघे बसले. अंगणात खलाशी जमले. साहेबाने बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला, "विमानात कुणी काही ठेवलं होतं का? लोखंडाची एखादी वस्तू?"

"होय तर," दारातून हौसा म्हणाली. "मीच तर—"

"ती पोरीच्या गोधडीचं सांगतेय," धोंडू मोठ्याने म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "सायेब, चूक माझी हाय. वाऱ्याचा अंदाज मी दिला. बोटभर डावीकडं सांगायचा, तो मी चार बोटं सांगितला. म्हणून तो दर्यात गेला."

फौजदाराने ते लिहून घेतलं आणि धोंडूचा अंगठा घेतला. अंगणातला एकेक खलाशी मान खाली घालून निघून गेला. आता आपल्या मचव्यावर कुणी चढणार नाही, हे धोंडूला कळलं. साहेबलोकही गेले.

हौसा अजून दारातच होती.

"म्हंजे तुम्ही मारलात तिला," ती म्हणाली.

"होय," धोंडू म्हणाला. "मीच."