हिरवे ठिपके

“मॅडम, कंट्रोल याही वेळी बिघडलंय,” मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता माझी विद्यार्थिनी मृण्मयी म्हणाली.

मी वाकून पाहिलं. डीएनए तुटतो तिथं हिरवा ठिपका चमकतो. निरोगी पेशी ती मोडतोड दिवसभरात दुरुस्त करतात आणि ठिपके विझतात. माझ्या दादाच्या पेशींत ते कधीच विझले नाहीत. तो एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याच्या पेशी बारा वर्षं माझ्या इन्क्युबेटरमध्ये वाढताहेत. आज कंट्रोलमध्ये, म्हणजे शेजारच्या निरोगी नमुन्यातही, तितकेच ठिपके जळत होते.

“प्लेट्सची अदलाबदल झाली असेल,” मी म्हणाले.

“तीनदा? लेबलं मीच लावलीत. फेकून देऊ?”

“हात लावू नकोस!” मी ओरडले. ती दचकून मागे सरकली.

तुलनेसाठी निरोगी रक्त लागलं, की आमच्याकडे कुणीतरी स्वतःचं नाहीतर घरातल्या कुणाचं देतं. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. या नंबरामागचं नाव मलाच ठाऊक होतं.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून परतलेली लेक विचारत होती, “आई, सुई टोचली तेव्हा मी रडले नव्हते ना? मग सायकल कधी आणायची?”