माळ आणि मास्तर

देवकाते सरांची डाळिंबाची झाडं एकामागून एक वाळू लागली. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या सरांनी माळरानाकडे नाक मुरडून गावातली सगळ्यात काळीभोर जमीन मोठ्या ऐटीत घेतली होती.

ओढ्यापलीकडच्या मुरमाड माळावर त्यांचा जुना विद्यार्थी सुबराव मात्र डाळिंबाच्या पेट्या भरत होता. शेवटी सर मुकाट्यानं त्याच्याकडे गेले.

"काळ्या मातीत पाणी साचून मुळ्या कुजत्यात, सर. डाळिंबाला माळच बरा."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुमीच की! आठवीत. काळी माती पाणी धरून ठेवती म्हणून."

"पण तुला तर मी नापास केलं होतं!"

"नकाशा चुकला हुता."

सरांना हसूच फुटलं. "म्हणजे तीस वर्षं वर्गात लक्ष नव्हतं ते एकट्या मास्तरचंच!"