दुकान बदलताना

पुस्तकं थेट मेंदूत उतरवून देणाऱ्या दुकानात हेमांगी खातं बंद करायला आली होती. तिला नर्सची नोकरी मिळत होती, पण त्या इस्पितळाची पुस्तकं दुसऱ्या कंपनीची होती.

“एका डोक्यात दोन दुकानं चालत नाहीत,” काउंटरवरचा माणूस म्हणाला. “आमची सगळी पुस्तकं पुसली जातील.”

“खुणांच्या भाषेचंही?”

“तेही.”

‘मान्य’ या बटणावर तिचा अंगठा थांबला. काचेपलीकडून तिच्या मूकबधिर लेकीनं, रेवानं, बोटांनी विचारलं, ‘आई, मिळाली ना नोकरी?’

हेमांगीला शब्दन्‌शब्द कळला. तिनं हात मागे घेतला.

“राहू द्या.”

“आईबाप सहसा दुकान नाहीच बदलत, ताई,” तो शांतपणे म्हणाला.

बाहेर येऊन तिनं बोटांनीच सांगितलं, ‘नाही मिळाली.’