टाकीचं झाकण

लेकाला ‘भेटायला ये’ म्हणायला आक्कांची जीभ कधी वळली नाही. गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की मात्र लगेच फोन. मग मेकॅनिक लेक बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर घेऊन हजर, आणि जेवल्याशिवाय त्याची सुटका नाही.

“आई, पुन्हा तोच कोड! पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल. कोण सैल करतं गं?”

“मला काय विचारतोस? तुझ्या त्या डबड्याला विचार!”

या खेपेला त्याने कुलपाचं झाकणच आणलं आणि करकचून बसवलं. आक्कांचा चेहरा खर्रकन उतरला.

निघताना त्याने झाकणाची किल्ली त्यांच्या मुठीत ठेवली.


“एकच आहे, तुझ्याकडेच राहू दे. आणि पुढच्या वेळी गाडी शनिवारी बिघडव, मुक्कामालाच येतो.”